विमानाला वर्धा लागत नाही

नागपूरच्या मनीषनगरात प्रवासाच्या लांबीला कोणी भीत नाही. अमेरिकेचं विमान पंधरा तास उडतं असं सांगितलं, तर समोरचे काकाजी शांतपणे म्हणतात, "मंग काय झालं? पंधरा तास तं सेवाग्राम एक्स्प्रेसलेही लागते मुंबईले जायाले." हिशेब बरोबर आहे. नागपूरचा माणूस देशाच्या मधोमध राहतो, म्हणजे सगळ्यांपासून सारखाच लांब राहतो. कुठेही जायचं तर त्याला एक रात्र गाडीत काढावीच लागते. बसून राहण्याचा एवढा सराव असलेली जमात महाराष्ट्रात दुसरीकडे सापडायची नाही.

त्यातही मनीषनगरची तयारी वेगळी. आमचं शिक्षण रेल्वेच्या फाटकावर झालं. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे दोन्ही मोठे रेल्वेमार्ग नागपुरात भेटतात आणि सेवाग्रामपर्यंत एकाच वाटेने जातात. ती वाट नेमकी मनीषनगरच्या तोंडावरून जाते. त्यामुळे चारी दिशांचा माल आमच्यासमोरून जायचा आणि आम्ही स्कूटर बंद करून त्याला मान द्यायचो. कोळशाचे डबे मोजायचे, शेजारच्या स्कूटरवाल्याला मुलीचे दहावीचे मार्क विचारायचे, भाजीच्या पिशवीतलं एखादं गाजर काढून खायचं, आणि गाडी निघून गेली तरी फाटक का उघडत नाही यावर रेल्वेच्या कारभाराची सविस्तर समीक्षा करायची. फाटकावर लग्नं जुळली असंही काही जण सांगतात. ते मला जरा जास्त वाटतं, पण पत्रिकांची देवाणघेवाण झाली असेल तर नवल नाही. २०२० च्या नोव्हेंबरात वर्धा रोडवरच्या डबल डेकर पुलाबरोबर रुळांखालून जाणारा रस्ताही खुला झाला आणि आमची ती सक्तीची बैठक मोडली. कोणी हळहळलं नाही, हेही खरं.

मग असा घडलेला माणूस विमानात का कंटाळतो? विमानाशी त्याची गाठ पडतेच, कारण इथल्या कितीतरी घरांतली मुलं बाहेर आहेत. कोणी पुण्यात, कोणी बंगळुरात, आणि बरीचशी त्याहून पुढे. घरात दोघंच. मुलीचं बाळंतपण निघालं की सहा महिन्यांच्या औषधांची पिशवी भरायची आणि निघायचं. सोनेगावचा विमानतळ इतका जवळ, की पहाटेच्या दोह्याच्या विमानाला जायला निघालेला माणूस गल्लीतल्या कुत्र्यांचं भुंकणं संपायच्या आत तिथे पोचतो. आणि सहा महिन्यांनी परत आला, की अमेरिका कशी होती हे तो दोन वाक्यांत सांगतो आणि विमानात वेळ कसा गेला नाही हे पाऊण तास सांगतो.

मला याचं कारण एकच दिसतं. विमानाला वर्धा लागत नाही.

रेल्वेत वेळ जातो तो स्टेशनांमुळे. नागपूर सुटलं की बुटीबोरी येते, सिंदी येते, सेवाग्राम येतं. "वर्धा आलं का?" हा प्रश्न विचारता येतो आणि त्याला खरं उत्तर असतं. पुलगाव, धामणगाव, बडनेरा. अकोल्याला कोणीतरी चढतं आणि आपल्या बर्थवर हक्क सांगतं. त्या भांडणात अर्धा तास छान निघतो. शेगाव आलं की झोपेतल्या माणसाचेही हात आपोआप जुळतात. भुसावळला चहा, मनमाडला पुन्हा चहा, इगतपुरीला घाट आणि वडा. पंधरा तासांचे असे दहा-बारा तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा माणसाला झेपतो.

विमानात मात्र पंधरा तास अखंड मिळतात. समोरच्या पडद्यावर नकाशा असतो, त्यावर एक चिमुकलं विमान काळ्या समुद्रावर चिकटलेलं असतं. डुलकी काढून उठावं तरी ते तिथेच. नकाशावर गावांची नावं येतात, पण त्यातल्या एकाही गावात आपली आत्तेबहीण नसते. 'रेक्याविक' हे नाव वाचून माणसाला काय आठवावं? धामणगाव म्हटलं की निदान तिथल्या जावयाची आठवण येते.

म्हणून विमानातला शहाणा प्रवासी स्वतःची स्टेशनं स्वतः करतो. पहिलं स्टेशन जेवणाचं. ज्यांनी आधीच शाकाहारी जेवण नोंदवलेलं असतं, त्यांचं ताट इतरांच्या आधी येतं. तो मान पाच मिनिटं टिकतो. मग आपलं जेवून झालेलं असतं, सगळं विमान जेवत असतं, आणि रिकामं ताट मांडीवर घेऊन आपण हालचाल न करता बसलेले असतो. समोरचं फळकूट मिटवता येत नाही, उठता येत नाही, ताट घेऊन जायला कोणी येत नाही. हे स्टेशन सगळ्यांत लांब थांब्याचं.

त्या जेवणाला चव नसते अशी तक्रार सगळेच करतात. पण दोष एकट्या आचाऱ्याचा नाही. विमान पस्तीस हजार फुटांवर असतं, आणि आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा तितका ठेवलेला असतो. म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वर बसून जेवत असतो. कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. शिवाय विमानातली हवा कोरडी ठक्क, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली. नाक सुकतं, गोड आणि खारट जिभेला कमी कळतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा कोरडेपणा जाचतो. आपल्याला नाही, कारण मे महिन्यातली नागपूरची दुपार याहून काही ओली नसते. आमच्या भागातल्या अनुभवी बायका जाण्याआधी जवसाची कोरडी चटणी आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या बांधून घेतात. पुडी उघडली की तीन रांगांपर्यंत माणसं जागी होतात आणि कुठूनतरी एक ओळखीचा आवाज येतो, "नागपूरचे काय जी?"

दुसरं स्टेशन पायांचं. लांब उड्डाणात एकाच जागी बसून राहिलं तर पिंडऱ्यांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर अधूनमधून उठून चालायला सांगतात. मनीषनगरच्या काकांना हे सांगावं लागत नाही. त्यांची शतपावली कुठेही सुरू होते. मात्र हेच काका विमानतळावर व्हीलचेअरवर बसलेले असतात, कारण मुलाने तिकिटासोबत ती सांगून ठेवलेली असते. रोज सकाळी बेसा रोडवर झपाझप चालणारा माणूस डोळे मिटून खुर्चीतून विमानाच्या दारापर्यंत येतो आणि आत शिरताच टुणकन उठून सगळ्यांच्या आधी वरच्या कप्प्यात बॅग ठेवतो. याच्यावर टीका करायला माझी हरकत नाही, पण परक्या देशात, परक्या भाषेत, तीन मजले आणि दोन ट्रेन पार करून पुढचं विमान पकडायचं असेल तेव्हा करा.

या काकांकडे वेळ घालवायचा एक खास विषयही असतो. बोइंग ७८७-९ ड्रीमलायनर या विमानाच्या फरशीखालच्या आडव्या तुळया आपल्या मिहानमधल्या टाटांच्या कारखान्यात तयार होतात. मिहान मनीषनगरपासून काही लांब नाही. तेव्हा ड्रीमलायनरमध्ये बसलं की काका शेजारच्याला पाय आपटून दाखवतात आणि म्हणतात, "हे आमच्याकडचं." शेजारचा डेन्व्हरचा असतो. तो घाबरून खाली पाहतो. पण त्यानंतर दोघांचा एक तास मजेत जातो, हे महत्त्वाचं.

एकादशी विमानात आली तर मात्र गंमत होते. पहाटे नागपूर सोडायचं, दोह्याला विमान बदलायचं आणि त्याच दिवशी दुपारी शिकागोत उतरायचं. सूर्य आपल्याबरोबरच पश्चिमेला निघालेला, त्यामुळे दिवस संपता संपत नाही. उन्हाळ्यात नागपूर आणि शिकागोच्या घड्याळांत साडेदहा तासांचा फरक असतो. नागपूरला धरलेली एकादशी शिकागोत सुटते, आणि मधले साडेदहा तास फुकटचे पदरात पडतात. पुण्य तेवढंच मिळतं की जास्त, यावर आमच्या भजनी मंडळात दोन तट आहेत. संकष्टीची अडचण याहून मोठी. कालनिर्णयात नागपूरचा चंद्रोदय पाहता येतो, अटलांटिकवरचा कुठे पाहायचा? त्यात खिडकीच्या झडपा हवाईसुंदरीने बंद करून ठेवलेल्या. एका काकूंनी हळूच झडप वर केली, बाहेर भर दुपार होती, तेव्हा त्यांनी गणपतीची क्षमा मागून संत्रा बर्फी खाल्ली.

पडद्याबद्दल माझं मत चांगलं नाही. विमानात नियमितपणे सिनेमा दाखवायला १९६१ च्या जुलैत ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सने सुरुवात केली, पहिल्या वर्गात, सगळ्यांना मिळून एक पडदा. त्या काळी निदान सगळे एकाच ठिकाणी हसत असतील. आता प्रत्येकाच्या नाकासमोर स्वतःचा पडदा आहे. डावीकडचा मारामारी बघतो, उजवीकडची रडते, आणि मधल्या खुर्चीतल्या आपल्याला दोघांची चित्रं दिसतात, आवाज एकाचाही नाही. शेकडो सिनेमे असतात; त्यातला कोणता पाहावा हे ठरवण्यात वेळ जातो तेवढाच काय तो फायदा. कानात बोंडं घातलेल्या माणसाशी बोलायची मात्र सोय उरत नाही.

खरं म्हणजे विमानप्रवासात वेळ काढण्याचं सगळ्या देशाचं ठिकाण एकेकाळी नागपूर होतं, आणि ही गोष्ट नव्या पिढीतल्या मनीषनगरकरांनाही माहीत नसते. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं सोनेगावला उतरायची. टपालाच्या थैल्या या विमानातून त्या विमानात जायच्या आणि विमानं आल्या वाटेने परत फिरायची. मुंबईला संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. ही व्यवस्था दोन दशकांहून अधिक काळ चालली. थैल्यांबरोबर प्रवासीही असत. मद्रासहून दिल्लीला जाणाऱ्याला मध्यरात्री नागपुरात उतरून विमान बदलावं लागे. म्हणजे चार दिशांची माणसं, डोळे चोळत, एका छपराखाली, हातात चहा घेऊन बसलेली. तिथे "कुठवर?" या प्रश्नाला अर्थ होता. एक जण मुंबईचं हवामान सांगत असेल, दुसरा कलकत्त्याच्या माशांचे भाव. आज दोह्याला किंवा दुबईला आपण जे तासन्‌तास बसतो, ते काम तेव्हा सोनेगाव करत होतं. फक्त तिथे सोन्याच्या बिस्किटांची दुकानं नव्हती.

त्याच्याही आधी मागे गेलं तर कुरकुर करायची लाज वाटते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने. वय अठरा, बरोबर घरचं कोणी नाही, सोबतीला मिशनरी बायका, आणि ताटात शाकाहारी काय मिळेल याची रोजची विवंचना. आमच्या ओळखीच्या एका आजींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "दोन महिने म्हणजे बोलायला माणूस तं भेटला असन ना बापा." बोटीत आनंदीबाईंना तो कितपत भेटला कोण जाणे, पण आजींची मागणी रास्त आहे.

या आजींना सिनेमा नको असतो, नकाशा कळत नाही, आणि झोप घरीसुद्धा येत नाही. त्यांना एक माणूस हवा असतो, आणि माणसं चिक्कार असतात, तीनशेच्या आसपास. तेव्हा शिकागोला निघालेल्या तरुण वाचकांना एक विनंती. पायात स्पोर्ट्स शूज, अंगात नऊवारी किंवा पाचवारी, वरून लेकीचा जुना स्वेटर अशी बाई शेजारी येऊन बसली आणि "कुठवर?" म्हणाली, तर कानातलं बोंड काढा आणि नीट उत्तर द्या. पुढचे प्रश्न ठरलेले आहेत: घराचं भाडं किती, स्वयंपाक कोण करतं, आईबाबा कुठे असतात, लग्न झालं का. पहिल्या तिन्हींची उत्तरं मोकळेपणाने द्या. चौथ्याचं मात्र जपून, कारण त्यांच्या ओळखीत एक मुलगी आहे, मनीषनगरचीच आहे, आणि उतरायला अजून अकरा तास आहेत.