यू नसलेल्या क्यूचे काय करावे

स्क्रॅबलच्या पिशवीत शंभर टाइल्स असतात आणि क्यू एकच. तो आपल्याच वाट्याला येणार आणि सोबत यू नसणार, हे धरूनच खेळायला बसावे.

पहिली पायरी : शाळेतल्या बाईंना विसरावे. क्यूमागे यू हवाच, हा त्यांचा नियम सज्जनांच्या इंग्रजीपुरता ठीक. स्क्रॅबलला चालणाऱ्या शब्दांच्या कॉलिन्स यादीत फकीर, तलाक आणि निकाब हे तिघेही यूशिवाय क्यू बाळगून आहेत. सगळ्यात कामाचा मात्र दोन अक्षरी शब्द : क्यू, आय. उच्चार ‘ची’, म्हणजे चिन्यांची प्राणशक्ती. बोर्डावर एखादा मोकळा आय असा शोधावा की त्याच्या डोक्यावरचे घर तिप्पट अक्षराचे असेल. त्या घरात क्यू ठेवून शेजारी दुसरा आय लावावा. शब्द उभाही झाला, आडवाही झाला. क्यूचे दहाचे तीस, दोन्हीकडून मोजून बासष्ट गुण! समोरचा ‘याला काय अर्थ आहे?’ म्हणेल. म्हणू द्यावे.

कारण अर्थ हाच या खेळातला मोठा अडथळा. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद पटकावले, फ्रेंच बोलता येत नसताना. शब्द नुसते पाठ केले होते. 2024 मध्ये स्पॅनिशचेही तेच. आपल्याकडे अर्थ न कळता पाठांतर करणाऱ्यांची वाण कधीच नव्हती, तरी विजेतेपद तिकडे गेले, हे मनाला लागते.

हाती नुसते स्वर आले तर घाबरू नये. ई-यू-ओ-यू-ए-ई असा एक सहा अक्षरी शब्द आहे. लॅटिन प्रार्थनेच्या शेवटच्या दोन शब्दांतली व्यंजने गाळून तो उरला. नुसती व्यंजने आली तर वेल्स गाठावे : सी-डब्ल्यू-एम, म्हणजे तिथली दरी. उच्चाराच्या भानगडीत पडू नये.

देशाभिमानी खेळाडूंची सोय वेगळी. हरताळ, घेराव, बंद, धरणे हे सगळे इंग्रजी कोशात आहेत. इंग्रजीला आपण बरेच काही दिले. त्यात काम थांबवण्याचेच शब्द फार निघाले, हा योगायोग.

एवढे करूनही क्यू उरलाच तर तो बदलून घ्यावा; पाळी जाते, पण जीव वाचतो. पिशवीत सातपेक्षा कमी टाइल्स उरल्या की तीही वाट बंद, आणि शेवटी हातातल्या क्यूचे दहा गुण वजा होतात. अशा वेळी चहा ठेवायला म्हणून उठावे आणि उठताना बोर्डाला गुडघा लागू द्यावा. धक्का सहज वाटला पाहिजे. घरात लहान मूल असल्यास ते आधीच जवळ बसवून ठेवावे.