वारंगा फाट्यावर उतार मिळेना

वारंगा फाट्यावर सगळं मिळतं. नांदेडची गाडी मिळते, हिंगोलीची मिळते, हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे जाणारीही मिळते. चहा मिळतो, गरम भजी मिळतात, पंक्चरवाला मिळतो आणि त्याच्याकडे बसलेली, कुठंच जायची घाई नसलेली चार माणसंही मिळतात. मिळत नाही तो फक्त उतार. आणि आमच्या दाजींना नेमका तोच पाहिजे होता.

दाजींनी नवी एसयूव्ही घेतली होती, तीही टॉप मॉडेल. माहूरला रेणुकामातेच्या पाया पडायला म्हणून आम्ही नांदेडहून निघालो. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडेपर्यंत सनरूफचं कौतुक झालं आणि मग दाजी मुद्द्यावर आले.

"हे बटण बघ. हिल डिसेंट कंट्रोल. दाबलं की गाडी उतारावरून आपली आपण उतरते. ब्रेकला पायसुद्धा लावायचा नाही."

"उतरते ते ठीक," मागच्या सीटवरून ताई म्हणाली, "थांबते का?"

दाजींनी उत्तर न देता सनरूफ मिटलं.

फाट्यावर चहाला थांबलो तर पाचच मिनिटांत गाडीभोवती मंडळ जमलं. दाजींनी इंजिन बंद ठेवून गाणी लावली, आतले-बाहेरचे सगळे दिवे लावून दाखवले. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाबांनी आत डोकावून विचारलं, "हँडब्रेकचा दांडा कुठाय?"

दाजी याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी गिअरजवळचा नखाएवढा खटका दाखवला. "हा उचलला की ब्रेक लागला. इलेक्ट्रॉनिक आहे."

खटक्यामागची करामत खरोखर बघण्यासारखी असते. मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकवर एकेक लहानशी मोटर बसवलेली असते. खटका उचलला की ती गिअरमधून एक स्क्रू फिरवते, स्क्रू पिस्टन पुढं रेटतो आणि ब्रेकपॅड डिस्कला आवळून धरतात. २००१ च्या सुमारास युरोपातल्या महागड्या मोटारींत हा प्रकार दिसू लागला आणि आता आपल्याकडं पोचलाय. गंमत अशी, की वीज लागते ती फक्त आवळायला आणि सोडायला. आवळून धरून ठेवायला काहीच लागत नाही, कारण स्क्रू उलट रेटला तरी आपला आपण फिरत नाही.

बाबांनी उमेदीची वर्षं ट्रकवर क्लीनर म्हणून काढलेली. त्यांना हे लगेच पटलं. "म्हंजे चाकाला दगड लावल्यासारखंच. क्लीनर चहा प्यायला गेला तरी दगड हालत न्हाई."

"बरोबर!" दाजी खूश.

"पण काढायला क्लीनरच लागतो," बाबा म्हणाले आणि बिडी पेटवली.

या वाक्याचा अर्थ अर्ध्या तासानं कळला. गाणी चालू, दिवे चालू, इंजिन बंद. बॅटरी बसली. गाडीनं एकदा 'टिक्' केलं आणि मौन धरलं. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याला वाट पाहिजे होती. सगळं मंडळ बाह्या सरसावून मागं लागलं. "दाजी, न्यूट्रल करा, ढकलतो!" न्यूट्रल कशाचं करता? ऑटोमॅटिक गाडी, गिअरबॉक्समधली खिट्टी अडकलेली, मागची चाकं आवळलेली आणि दोन्ही सोडायला वीज पाहिजे. ओढायला दांडा नाही, ढिली करायला केबल नाही. आठ जणांनी जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही, एकाच्या पायातली चप्पल तेवढी तुटली.

एका ट्रकवाल्यानं उदार मनानं बॅटरी देऊ केली. मेकॅनिक धावत आला. "खबरदार! तुझी चोवीस व्होल्टची. गाडीची सगळी अक्कल जळून जाईल." शेवटी वाट अडलेल्या ट्रॅक्टरचीच बारा व्होल्टची बॅटरी कामी आली. प्लसला प्लस, मायनसची वायर इंजिनच्या लोखंडाला. गाडी गुरगुरली, खटका दाबला, मागून 'झुंईं' आवाज आला आणि मोटरनं स्क्रू सोडला. मेकॅनिक म्हणाला, "आणि साहेब, मागचे ब्रेकपॅड बदलायचे तर रस्त्यावर कुणाला हात लावू देऊ नका. आधी स्कॅनर लावून मोटर मागं घ्यावी लागते. पिस्टन नुसता दाबला तर मोडतो."

आता दाजींची इभ्रत पणाला लागली होती. हायवेच्या भरावावरून खाली शेताकडं उतरणारी एक मातीची वाट त्यांना दिसली. जिल्ह्यातला तेवढाच उतार. बटण दाबलं, पाय वर घेतला आणि गाडी माणूस चालेल एवढ्या वेगानं खाली निघाली. त्याबरोबर खालून 'कर्रर्र, कट्-कट्-कट्' असा आवाज. मंडळातला एक जण ओरडला, "ओ, काहीतरी तुटलं!"

तुटलं काहीच नव्हतं. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. ठरल्यापेक्षा एखादं चाक जोरात फिरलं की एबीएसचा पंप त्याच चाकाच्या ब्रेकमध्ये तेल दाबतो, ते घसरू लागलं की सोडतो. त्या पंपाची आणि व्हॉल्व्हची ही कटकट. आपला पाय चारही चाकांना एकच हुकूम देतो; यंत्र चौघांशी वेगवेगळं बोलतं. लँड रोव्हरनं १९९७ साली फ्रीलँडरमध्ये हे प्रथम आणलं, कारण त्या गाडीला दरीखोऱ्यात उतरायला लागणारा लो-रेंज गिअर नव्हता. आपल्याकडं २०१९ पासून सगळ्याच नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे सेन्सर, पंप यातला बराचसा सरंजाम साध्या गाडीतही असतोच. बटणाचे पैसे मुख्यतः अकलेचे.

अवघड होतं ते दाजींच्या उजव्या पायाचं. तो सारखा ब्रेककडं जायचा, दाजी तो हातानं धरून मागं ओढायचे.

माहूरच्या घाटात परतताना दाजींनी डांबरी उतारावर पुन्हा तेच बटण दाबलं. गाडी वरातीच्या चालीनं निघाली. मागं एसटी, एसटीमागं दोन जीप, त्यामागं भाविकांचा टेंपो. दोन वळणांनंतर ब्रेक तापल्याचा करपट वास आला. रुंद जागी एसटी शेजारून गेली आणि ड्रायव्हरनं खिडकीतून ज्ञान दिलं, "साहेब, ते मातीत वापरायचं! घाटात ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा!"

दाजींनी बटण बंद केलं, ब्रेक निवेपर्यंत थांबले आणि गिअर हातानं दुसऱ्यावर आणला. इंजिननंच गाडी धरून ठेवली. ना कटकट, ना वास. दाजींचा चेहरा खुलला.

"अरे, हे तर झकास आहे! आणि हे तर बेस मॉडेललाही मिळतं."

मागून ताईचा आवाज आला, "बेस मॉडेल केवढ्याला होतं म्हणालात?"