स्कॅनर कसा मारावा? (सिल्वासा आवृत्ती)

आधी भाषा सुधारा. 'यूपीआय' म्हणालात की किलवणी नाक्यावरचा वडापाववाला तुम्हाला बँकेचा साहेब समजेल. ॲप कुठलंही असो, म्हणायचं 'गूगल पे करतो'. चौकोनी ठिपक्यांच्या त्या कागदाला 'स्कॅनर' म्हणतात आणि तो 'मारतात'. 'स्कॅनर आहे का?' हा प्रश्न इथे मराठी, गुजराती, हिंदी, वारली, कशातही विचारा, सारखाच ऐकू येतो.

आता मारा. पिन टाका. हिरवी खूण आली की फोन दुकानदारासमोर धरा. तो बघणार नाही. त्याचा कान पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याकडे. डबा बोलेपर्यंत कागदात बांधलेला वडापाव हातात पडत नाही, आणि मागची रांग तुमच्याकडे अशी बघते की जणू खोटी नोट खपवताय.

"बोलला?"

"नाय बोलला."

मग डबा एकदाचा हिंदीत रक्कम खेकसतो आणि तुमची अब्रू परत मिळते. पाहुण्याला तुम्ही एकाच वडापाववर बोळवलंत हे त्या रकमेवरून अख्ख्या नाक्याला कळतं, त्याला मात्र उपाय नाही.

पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. 'पिन टाका, पैसे जमा होतील' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. टाकून बसलाच असाल तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० लावा. हे गमतीत लिहिलेलं नाही. आणि नव्या फोनवरून पहिले चोवीस तास ५,००० रुपयांपेक्षा जास्त जात नाहीत, तेव्हा पगाराच्या दिवशीच नवा फोन घेऊन घरी बिहारला पैसे पाठवायचा बेत करू नका.

अवघड धडा म्हणजे खानवेलकडून आलेली भाजीवाली. टोपलीला स्कॅनर बांधलेला, पण मारल्यावर नाव पुरुषाचं येतं. घाबरू नका, तो तिचा मुलगा. तो कंपनीत पाळीवर असतो, पैसे त्याच्या खात्यात पडतात. तिच्याकडे ना फोन, ना डबा. हिरवी खूण दाखवलीत तर ती फोनकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघते. मग गोणपाटाखालच्या वाटीत वालाचे दाणे टाकते, दहा रुपयांना एक. रात्री दाणे मोजून पोराच्या फोनशी ताळा.

मी एकदा पंचवीस रुपये मारले. तिने दोन दाणे टाकले, तिसरा वजनाच्या मापाने ठेचला आणि त्यातली एकच डाळ वाटीत टाकली.