आमच्या सोसायटीतलं पेंग्विन प्रकरण

कानावर आलंय ते खरं आहे. बी विंगमधल्या, बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी लॅपटॉपवरचं विंडोज काढून टाकलं. बिघडलं म्हणून नव्हे, चांगलं चालत असताना! हार्ड डिस्क सफाचट पुसली आणि पेंग्विन हे ज्याचं चिन्ह, त्या लिनक्समधलं मिंट घातलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी ही बातमी फोडली तेव्हा वाण घेणारे हात जागच्या जागी थांबले. "आणि फुकट हो! एक रुपया घेत नाहीत म्हणे." फुकट म्हटल्यावर तर सगळ्यांनी एकमेकींकडे असं पाहिलं की विचारू नका.

ठिणगी पडली 14 ऑक्टोबर 2025 ला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा सपोर्ट बंद केला. विंडोज 11 वर जायचं तर मशीनमध्ये सुरक्षेचं टीपीएम 2.0 मॉड्यूल हवं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी हवा. काकांचा सहाव्या पिढीचा. स्क्रीनवर ओरखडा नाही, कीबोर्डवर अजून प्लॅस्टिकचं कव्हर, आणि वर सूचना काय, तर नवा घ्या! ज्या माणसानं जन्मभर लोकांचे कर्जाचे अर्ज फेटाळले, त्याचा लॅपटॉप कुणी फेटाळावा? एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली होती, पण मुदतवाढ या प्रकाराचा काकांना बँकेपासूनच तिटकारा. भाच्यानं पेन ड्राइव्हवर मिंट आणून दिलं. ते म्हणे पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, आतल्या डेटाला धक्का न लावता. काकांनी बघितलं, आवडलं, आणि बसले 'इन्स्टॉल' दाबून.

पार्किंगमध्ये लगेच अनौपचारिक सभा. "विकतचं ते विकतचं. फुकटच्या मालाला कसला दर्जा?" आता हे बोलणारी मंडळी कोण? ज्यांनी उभ्या आयुष्यात विंडोजची पावती पाहिलेली नाही! आठवा जरा ते दिवस. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून जोडलेला पीसी. जोडणाऱ्याचं ठरलेलं वाक्य, "सगळं टाकून देतो साहेब." सगळं म्हणजे एक्सपी, ऑफिस, फोटोशॉप आणि अँटिव्हायरस. तोही क्रॅक केलेला, म्हणजे चौकीदारसुद्धा चोरीचा. सीडीवर मार्करनं लिहिलेलं नाव आणि कव्हरवर बॉलपेननं लिहिलेली पंचवीस अक्षरांची की, जी अख्ख्या बिल्डिंगला पुरायची. ताकीद एकच, अपडेट चालू करू नका. पुढं लॅपटॉप आले तर आपण हटकून 'डॉस'वालं मॉडेल मागायचो, स्वस्त पडतं म्हणून. त्यातल्या बऱ्याच मशीनवर फ्रीडॉस असायचं, आणि फ्रीडॉस स्वतःच मुक्त सॉफ्टवेअर! म्हणजे राजरोस फुकट मिळालेलं पुसून आपण त्यावर चोरीचं घातलं, आणि आता चारचौघांत दर्जाच्या गप्पा मारतो. काकांचा लॅपटॉपही त्यातलाच हं. बँकेतला माणूस! पण ते आपल्यातच राहू द्या.

बिल गेट्स यावरून फार जुना रागावलेला आहे. 1976 साली, नुकतीच विशी गाठलेली असताना, त्यानं हौशी कॉम्प्युटरवाल्यांना जाहीर पत्र लिहून सुनावलं होतं की तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता. तोच गृहस्थ 1998 मध्ये चीनबद्दल बोलताना काय म्हणाला, तर चोरायचंच असेल तर आमचंच चोरू देत, एकदा सवय लागली की वसुलीचं पुढं बघू. सवय लागलीच की! 'स्टार्ट' बटण डाव्या कोपऱ्यातून मधे सरकलं तरी आपल्याला चुकल्यासारखं होतं.

पण खरी चवदार भानगड पुढंच आहे. 1991 च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं कळवलं की मी हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टम करतोय, मोठं काही नाही. दहा वर्षांत त्या हौसेचा एवढा धसका बसला की 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामरनं लिनक्सला थेट कॅन्सर म्हटलं. आणि 2016 मध्ये तीच कंपनी लिनक्स फाउंडेशनची सभासद! आज विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोय कंपनी स्वतःच देते. जगात बोंबाबोंब आणि घरात सोयरीक. जगातले पहिले 500 सुपरकॉम्प्युटर 2017 पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात, ते सोडा. काकूंनी ज्या अँड्रॉइड फोनवरून ही बातमी माहेरी कळवली, त्याच्या तळाशी लिनक्सचंच कर्नल आहे. हे काकूंना अजून कुणी सांगितलेलं नाही. कुणी सांगूही नका.

काकांना सुरुवातीला फटका बसला तो इतिवृत्ताच्या फाइलीत. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं पूर्वीच्या सेक्रेटरींनी युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा मराठी फॉन्टात टाइप केलेली. लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडली तर 'पाण्याच्या टाकीची गळती' असायला हवं तिथं रोमन अक्षरं, टिंबं आणि डॉलरची खूण. "बघा, फुकटचं!" असा एकच गलका. खरं तर तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर, महागड्या विंडोज 11 वरसुद्धा, हाच तमाशा झाला असता. पण गळती कुणाच्या फ्लॅटमुळे होती ते वाचता येईना, यात काही जणांचा आनंद लपत नव्हता.

आणि लिनक्सवाले तरी एकदिलाचे असावेत ना? नाव नको. नुसतं लिनक्स म्हणालात तर रिचर्ड स्टॉलमनपंथी अडवून 'ग्नू/लिनक्स' म्हणायला लावतात. उबुंटूवाले, फेडोरावाले, डेबियनवाले, प्रत्येकाचा सवतासुभा. भाचा आर्चवाला, आर्च वापरणारा ते समोरच्यानं न विचारता सांगतो, हे या मंडळींत सर्वश्रुत. मामानं परवा मिंट काढून डेबियन घातलं. भाच्याला ते फार सावकाश अपडेट होणारं, म्हातारं वाटतं. मामाला नेमकं तेच हवं. आता दोघांत बोलणं बंद आहे, निरोप काकूंमार्फत जातात.

काकूंनी मात्र परवा स्वतःच्या एफडीचे पैसे मोडून नवा लॅपटॉप आणला, विंडोज 11 आधीच घातलेला, अस्सल, जीएसटीच्या बिलासकट. त्या घरात पंचवीस वर्षांत रीतसर विकत घेतलेलं हे पहिलं विंडोज. काकांना तोंड लपवायला जागा नाही म्हणे.