‘सगळ्यांतले दोन-दोन द्या’

कळपाने राहणाऱ्या छोट्या माशांचा संसार दिवाणखान्यात थाटण्याची सर्वांत सोपी पद्धत अशी : इच्छुकाने रविवारी सकाळी सहकुटुंब दुकानात जावे, काचेवर बोट टेकवून ‘हे दोन, ते दोन आणि ते पट्ट्यापट्ट्यांचेही दोन’ असे फर्मान सोडावे. टाकी, रंगीत खडे, पंप आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची पेटी त्याच रिक्षात कोंबावी आणि दुपारच्या जेवणाआधी सर्वांना पाण्यात सोडून मोकळे व्हावे. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा दुकानात जाता येते. दुकानदारांनी तिला कधी विरोध केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी पद्धत कंटाळवाणी आहे. तीत मासे जगतात.

दुसऱ्या पद्धतीत पहिले चार ते सहा आठवडे नुसते पाणी पाहावे लागते. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी घ्यावी. तीत खडे घालून साधारण पन्नास लिटर पाणी मावते. फिल्टर चालू करावा आणि रोज चिमूटभर खाणे, खाणारे कोणी नसताना, पाण्यात टाकावे. ते कुजते आणि अमोनिया तयार होतो. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतूनही पुढे हाच अमोनिया येणार असतो, आणि तो माशांना विष आहे. त्याच्यावर जगणारे जिवाणू हळूहळू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. काही जण अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात मासे सहन करतात, आणि वाढले की आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलून काढून टाकता येते. ही वस्ती बसेपर्यंत येणारा प्रत्येक पाहुणा ‘मासे कुठायत?’ असे विचारतो. त्याला ‘सध्या जिवाणू पाळतोय’ असे शांतपणे सांगावे. बहुतेक पाहुणे विषय बदलतात.

वस्ती बसली की घरातल्या स्वच्छताप्रिय व्यक्तीपासून स्पंज लपवावा. तो काळपट, बुळबुळीत दिसतो. म्हणून नळाखाली धरून भांड्याच्या साबणाने घासला जातो आणि महिन्याभराची तपश्चर्या मोरीत वाहून जाते. स्पंज पिळायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, बादलीत पिळावा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना आणि माशांना सारखेच बाधते, म्हणून नवे पाणी घालताना दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे थेंब वापरावेत. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण दख्खनच्या खडकातून वर आलेले ते पाणी बहुधा जड असते, आणि मऊ पाण्याच्या माशांना ते मानवेलच असे नाही.

आता खरेदी. येथे इच्छुकाने स्वतःला आवरावे, कारण ‘सगळ्यांतले दोन-दोन’ हे वाक्य जिभेवर येऊन बसलेले असते. पाच जातींचे दोन-दोन म्हणजे दहा मासे आणि एका जातीचे दहा म्हणजेही दहाच. हिशेब सारखा, पैसे सारखे. फक्त पहिल्या टाकीत कळप नसतो, एकमेकांना न ओळखणारी पाच जोडपी असतात.

निऑन टेट्राचे उदाहरण घ्यावे. पेरूकडच्या अ‍ॅमेझॉनमधला हा जेमतेम तीन सेंटिमीटरचा मासा. ऑगस्ट राबो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने तो जगाच्या नजरेस आणला आणि १९३६ साली जॉर्ज मायर्स या मत्स्यशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय बारसे केले. नाव ठेवले विल्यम इनिस यांचे, जे फिलाडेल्फियाहून मत्स्यपालनाचे मासिक चालवत. मासिक चालवणाऱ्याच्या पदरात याहून मोठे मानधन क्वचितच पडले असेल. असे हे निऑन दोनच आणले, तर ते फिल्टरच्या नळीमागे फिक्या अंगाने उभे राहतात आणि घरचे म्हणतात, ‘लाजाळू आहेत.’ ते लाजत नसतात. घाबरलेले असतात.

का घाबरतात, याचे एक सुरेख उत्तर ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९७१ साली दिले. त्यांनी एक गोल तळे कल्पिले : काठावर बेडूक, पाण्यात साप. साप वर येणार आणि सर्वांत जवळचा बेडूक खाणार. म्हणून प्रत्येक बेडूक दोन शेजाऱ्यांच्या मधल्या फटीत उडी मारतो, शेजारीही तेच करतात, आणि थोड्या वेळात सगळ्यांचा एक ढीग होतो. यात जिव्हाळ्याचा संबंध नाही. आपल्या आणि सापाच्या मध्ये दुसरे कोणीतरी असावे, एवढीच प्रत्येकाची माफक इच्छा. टाकीत साप नाही, हे निऑनला कोणी सांगितलेले नसते. म्हणून किमान सहा घ्यावेत. दहा घेतले तर ते फटीतून बाहेर येऊन दर्शनही देतात.

टायगर बार्बच्या बाबतीत संख्येचे महत्त्व इतरांच्या शेपट्यांवरून कळते. दोन-तीन आणले की त्यांतला दांडगा बाकीच्यांचा छळ मांडतो, आणि शेजारच्या संथ एंजलचे लांब पर कुरतडले जातात. आठ-दहा असले की भांडणे बरीचशी आपसांतच मिटतात. तरी एंजल तिथे ठेवूच नये.

निऑनसोबतही ठेवू नये, मात्र उलट कारणासाठी. एंजल दुकानात रुपयाएवढा असतो आणि निऑनांबरोबर गुण्यागोविंदाने फिरतो. मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो, आणि जे तोंडात मावते ते खाद्य, हा माशांच्या राज्यातला निर्विवाद कायदा. तेव्हा जाती निवडताना लग्नाच्या पत्रिका पाहतात तसे गुण जुळवावेत : तापमान, पाण्याचा मऊपणा, स्वभाव आणि मुख्य म्हणजे वयात आल्यावरची लांबी. दुकानदार मध्यस्थ असल्याने लांबी हमखास कमी सांगतो. ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर दीड फुटाच्या आसपास वाढू शकतो. मग त्याला मुक्तीच्या नावाखाली तळ्यात सोडतात. अशाच सोडलेल्या सकरांच्या वंशजांनी पूर्व कोलकात्याच्या पाणथळीतही ठाण मांडले आहे.

सह्याद्रीचा अभिमान बाळगणाऱ्यांना ‘मिस केरळ’ खुणावते. लाल-काळ्या पट्ट्यांचा हा देखणा मासा केरळ-कर्नाटकातल्या घाटनद्यांतला. २०१३ साली त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हेच नाव मिळाले. पण तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, सुसाट पोहतो आणि संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. दोन फुटी टाकीवाल्याने अभिमान बाळगावा, मासा बाळगू नये.

त्यापेक्षा झेब्रा आणावा. स्वस्त म्हणून त्याला कोणी मान देत नाही. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी (हे वेगळे हॅमिल्टन) गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. पुढे ओरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा मिळवून दिली. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्रात जोड सापडते, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालते. पुण्या-नाशिकच्या थंडीत तो बहुधा हीटरशिवाय तग धरतो, निऑनला तिथे हीटर लागतो. झेब्रा उड्या मात्र मारतो, म्हणून झाकण हवे. नव्या टाकीत सोडल्यावर तो आधी तळ गाठतो. त्या वेळी काचेवर टिचक्या मारून त्याला धीर देऊ नये.

कळप आणला की रोजची हजेरी आली. दहा निऑन मोजताना आधी नऊ भरतात, मग अकरा, मग पुन्हा नऊ. दहावा जावा फर्नच्या पानामागे असतो, आणि तो बाहेर येताच दुसरा आत जातो. ही मोजणी पहाटे तर करूच नये. अंधारात निऑनचा निळा पट्टा विझतो आणि दिवा लावल्यावर काही वेळ मासे फिकुटलेले दिसतात. नवखा माणूस घाबरून ‘ब्ल्यू मेडिसिन’ची बाटली उपडी करतो. तोवर मासे आपोआप चमकू लागलेले असतात, पण आता निळ्या पाण्यात दिसत नाहीत. शिवाय त्या औषधाने फिल्टरमधले जिवाणूही मरू शकतात, म्हणजे पुन्हा ‘मासे कुठायत’पासून सुरुवात.

राहता राहिले जेवण. दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. पण घरातले आजोबा सकाळी देतात, नात शाळेतून आल्यावर देते, आणि ‘बिचारे काचेपाशी येऊन मागतात हो’ म्हणून पोळीचा तुकडाही पडतो. मासे जेवल्यावरही मागतात. गावाला जायचे असेल तर धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना खाण्याचा डबा देऊन गेल्यास ते राहू शकत नाहीत, कारण शेजारी प्रेमळ असतात. पंधरा दिवसांसाठी जायचे झाल्यास एक दिवसाआड एक अशा चिमटीभर खाण्याच्या पुड्या बांधाव्यात, प्रत्येकीवर वार लिहावा, त्या शेजारच्या काकूंच्या हाती द्याव्यात; डबा कपाटात ठेवून कुलूप लावावे आणि किल्ली सोबत न्यावी.