बिनपेन्शनी चाकरी

दहा-बारा वर्षे इमानेइतबारे दरवाजा राखून, मागील पायांचे सांधे धरल्यावर आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर ज्या लॅब्रेडॉरला त्याचे खावंद नव्या फ्लॅटाची सबब सांगून हमरस्त्यावर बडतर्फ करतात, त्याच्या परित्यागाची किंमत १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने, पहिल्या कसुरीस, १० ते ५० रुपये दंड इतकी मुक्रर करून ठेवली आहे. गळ्यातल्या पट्ट्याचे मोल त्याहून अधिक असल्याने व्यवहारदक्ष मंडळी तो तेवढा काढून घ्यायला विसरत नाहीत. अशा जीवाला घरी आणून, बिनमिठाचा भात कालवीत, रात्री-अपरात्री त्याला उचलून अंगणात नेणारा एखादा वेडापीर निघालाच, तर शेजारी अगत्याने चौकशी करतात, ‘आता याचा उपयोग काय?’ हा प्रश्न ते ओसरीवर पेन्शन खात बसलेल्या आजोबांच्या देखत विचारतात, एवढेच काय ते शिष्टाचारास सोडून आहे.