सत्र बुडवून बालाघाट

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर एक खुर्ची. खुर्चीवर परिषदेत मिळालेली ज्यूटची पिशवी. पन्नाशीच्या बाई प्रवेश करतात. गळ्यात प्रतिनिधीचं ओळखपत्र, तेही उलटं लटकलेलं.)

गळ्यातलं कार्ड बघून उठून उभे राहू नका, मी प्रमुख पाहुणी नाही. प्रतिनिधी आहे. पाहुण्याला हार मिळतो, प्रतिनिधीला पिशवी.

मी पुण्याला एका ऑफिसात आहे. आमचं काम तांदळाचं. म्हणजे पेरायचा नाही, शिजवायचा नाही, त्यावर टिपणी लिहायची. एकदा साहेब म्हणाले, "सुगंधी भाताच्या वाणांवर परिषद आहे. कोण जाणार?" सगळे हात वर! साहेब म्हणाले, "बालाघाटला." सगळे हात खाली. एकाच तारखेला इतके साखरपुडे आमच्या ऑफिसात कधी निघाले नव्हते. मला सुचायच्या आधीच साखरपुडे संपले. गेले.

आधी हिशेब विभागात. "बालाघाट? मग बीडची एसटी धरा. तेवढंच भाडं मंजूर होईल." अहो, शाळेत घोकलेली ती हरिश्चंद्र-बालाघाट डोंगररांग! गोदावरी आणि भीमेच्या मधली! म्हटलं, "तो डोंगर. हा जिल्हा. मध्य प्रदेशात, गोंदियाच्या वर." ते म्हणाले, "मग फॉर्म बदलेल." डोंगर जागेवरून हलला तरी चालेल, फॉर्म हलता कामा नये.

(खुर्चीत बसते. गाडीच्या हेलकाव्यासारखी डोलते.)

तर, महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरहून निघते, गोंदियाला संपते. बाकीच्या गाड्या महाराष्ट्रातून जातात, ही महाराष्ट्राची पाहणी करते. प्रत्येक स्टेशनावर उतरून जणू विचारते, "काही तक्रार?" दौंडला चहावाला म्हणाला, "घ्या की ताई." अकोल्याला म्हणाला, "घ्या न ताई." भंडारा रोडला म्हणाला, "घेता का जी?" पाणी मात्र सगळीकडे तेवढंच घातलेलं.

गोंदियाहून बालाघाट चाळीसेक किलोमीटर. समोर एक आजोबा. म्हणाले, "पहिले इथं छोटी लाइन होती बाई." अडीच फुटांची नॅरोगेज, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली. पार जबलपूरपर्यंत. आता ब्रॉडगेज झाली. आजोबांना त्याचा आनंद नव्हता. "पहिले बाजूच्याशी ओळख व्हायची, आता गाव येऊन जाते."

एवढ्यात आमच्या ह्यांचा फोन. बालाघाट म्हटल्यापासून ह्यांच्या डोक्यात कान्हाचं जंगल. कान्हाचा मुक्की दरवाजा बालाघाट जिल्ह्यात, एवढं ह्यांनी शोधून ठेवलेलं. "काय गं, वाघ दिसला का?"

म्हटलं, "बाघ दिसली."

"कुठं?"

"पुलाखाली."

"काय करत होती?"

"वाहत होती!"

(प्रेक्षकांकडे) बाघ नदी हो. गोंदिया आणि बालाघाटच्या सीमेवरची. पुढे वैनगंगेला मिळते. हे मात्र सोसायटीत सांगून मोकळे, "हिला गाडीतूनच दिसला!"

आजोबांना विचारलं, "तुम्ही मध्य प्रदेशचे ना? मग इतकं चांगलं मराठी?" आजोबा माझ्याकडे असे बघायला लागले, की पुण्याची असून मला मराठी कसं येतं, हा प्रश्न त्यांनी केवळ सभ्यपणानं गिळला. म्हणाले, "आम्ही नागपूरवालेच होतो बाई. सीपी अँड बेरार. १९५६ साली आम्हाला भोपाळला देऊन टाकलं. राजधानी बदलली, दवाखाना नाही बदलला. आताही बिमार पडलो का नागपूरलेच जातो."

(उठते. पिशवी खांद्याला लावते.)

स्टेशनाबाहेर रिक्षा. मी माझं ठेवणीतलं हिंदी काढलं, "भैया, हमको उधर परिषद के हॉल पे सोडेंगे क्या?" तो म्हणाला, "बसा ना ताई. कुठी जाचं हाये?" वाटेत काली पुतली चौक लागला. म्हटलं, "बघू का जरा?" म्हणाला, "परिषदेले उशीर होईल." शहर दाखवायचं सोडून हा मला कामावर नेऊन सोडतोय!

आणि मग तो हॉल.

(नाक वर करून वास घेते. चेहरा बदलतो.)

मोगरा! सुगंधी भाताची परिषद आणि हॉलमध्ये मोगऱ्याचा स्प्रे. एसी इतका, की समई पेटेना. आठ मान्यवर आणि एक काडी. शेवटी एसी बंद केला, समई पेटली, टाळ्या. एसी चालू केला, समई विझली. ती गोष्ट इतिवृत्तात नाही.

पहिले वक्ते बालाघाटी चिन्नोर तांदळावर बोलले. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही वेगळं मानांकन आहे. नदी एकच, वैनगंगा. तांदळाला सीमा आपण आखली, तांदळानं विचारलंसुद्धा नाही.

मग पडद्यावर रेणू आला. टू-ॲसिटिल-वन-पायरोलिन. ज्याच्यामुळे सुवासिक तांदूळ घमघमतो, तो. अर्धा तास त्याच्या बांगड्या आणि शेपट्या बघितल्या. मागून एक आवाज आला, "पण सर, वास कसा असतो?" सर म्हणाले, "पुढच्या स्लाइडवर आहे." पुढच्या स्लाइडवर आलेख होता!

दुसरे वक्ते उभे राहिले. "या विषयाच्या आपण जरा खोलात जाऊ." आणि गेले. वर आले ते थेट जेवणाच्या सुट्टीत.

जेवणात काय असेल? सांगा. चिन्नोर? (मान हलवते.) जिरा राइस. बासमतीचा! वाढप्याला विचारलं, "दादा, चिन्नोर नाही?" तो आत जाऊन विचारून आला. "ताई, ते दुपारच्या सत्रात आहे."

(क्षणभर थांबते. ओळखपत्र काढून पिशवीत टाकते.)

तिथं मी ठरवलं. दुपारचं सत्र बुडवायचं.

बाहेर तोच रिक्षावाला. म्हणाला, "संपली परिषद?" म्हटलं, "माझी संपली. तांदूळ कुठं मिळतो?"

बाजारात एक धान्याचं दुकान. काका तखतावर बसलेले. म्हटलं, "चिन्नोर आहे?"

काका म्हणाले, "चिन्नोर पायजे, का चिन्नोर लिहिलेला पायजे?"

अहो, सकाळपासून मोठमोठे लोक ज्याच्याभोवती फिरत होते, ते काकांनी एका वाक्यात सोडवलं! मग त्यांनी आतून एक लहान पोतं काढलं. मूठभर दाणे माझ्या हातावर. "चोळा. आता मूठ नाकाशी धरा."

(मूठ नाकाशी नेते. डोळे मिटते. लगेच उघडते.)

काका, मला तो आलेख आठवेना हो!

मी विचारलं, "मग सगळे हाच का नाही लावत?" काका बोटांवर मोजत म्हणाले, "लई दिवस वावरात राहते. उंच वाढते, हवा आली का लोळते. अन् उतारा कमी. म्हणून शेतकरी विकाले दुसरा लावते आणि घरच्यासाठी कोपऱ्यात हा." म्हटलं, "काका, हे तुम्ही परिषदेत का नाही सांगत?" काका म्हणाले, "बोलावलं होतं ना. खुर्च्या द्याले."

बाहेर आले तर रिक्षावाला म्हणतो, "चला, भरवेलीले नेतो." भरवेली गावालगतच. तिथं मॉयल कंपनीची मँगनीजची खाण. आशियातली सगळ्यात खोल भूमिगत मँगनीज खाण! पोलादाला मँगनीज लागतं, टॉर्चच्या सेलला लागतं. आत कोण सोडणार मला? लांबूनच बघितली. रिक्षावाला म्हणाला, "माह्या भाऊ आत असते. रोज खाली जाते." म्हटलं, "आमच्याकडेही सकाळी एकजण खोलात गेले होते." तो म्हणाला, "वर आले ना ठीक?" काय सांगू त्याला!

परत येताना वैनगंगा. शिवनी जिल्ह्यातून निघालेली, इथून आपल्या भंडाऱ्याकडे, गोसीखुर्दच्या धरणाकडे. तिला मी विचारलं नाही की मराठी कशी येते.

(पुन्हा ओळखपत्र घालते. या वेळी सुलटं.)

समारोपाला मात्र हजर. हजेरीशिवाय प्रवासभत्ता नाही. अध्यक्ष म्हणाले, "वेळेअभावी कुणाला थोडक्यात सूचना करायची आहे?" मी उभी राहिले. म्हटलं, "पुढची परिषद शेतात घ्या. भात फुलोऱ्यात असताना. जेवणात चिन्नोर वाढा. आणि भाषणाला त्या दुकानातल्या काकांना बोलवा. खुर्च्या दुसरा कुणी देईल."

टाळ्या! दुपारी डुलक्या घेतलेल्यांनीसुद्धा वाजवल्या. अध्यक्ष गहिवरले. "अत्यंत स्तुत्य सूचना. या कामी आपण समिती नेमू." जागच्या जागी नेमली. "आणि समितीची पहिली बैठक," ते म्हणाले, "गोव्याला."

गोव्याला! बालाघाटच्या शेतात परिषद कशी घ्यायची, हे ठरणार गोव्याच्या एसीत. इथं पुन्हा सगळे हात वर. एकाच्याही घरी साखरपुडा नाही.

म्हणाल, मी निषेध केला असेल. छे! सगळ्यात आधी नाव मी दिलंय. अहो, गोव्याच्या खाजणात खाऱ्या पाण्याला दाद न देणारा कोरगुट नावाचा भात होतो. मी अजून बघितलेला नाही.

(पिशवी उचलते, जाता जाता वळून)

पहिल्या दिवशी दुपारी, तिसरं सत्र. मी आत्ताच खूण करून ठेवलीय!

(अंधार.)